रिपोर्ट नॉर्मल आहेत

गेले तीन-चार वीकेंड इथे काहीच लिहिलं नाही. दोघा-तिघांनी मेल करून विचारलं, "काय रे, लग्नबिग्न केलंस की काय?" नाही हो, एवढं काही नाही. शनिवार-रविवार मी तानसाला असतो, आत्याकडे. तिथे लॅपटॉप न्यायचा नाही हा आत्याचा नियम आहे आणि माझ्या डॉक्टरांचा त्याला पाठिंबा आहे. या शनिवारी मात्र पावसामुळे लोकल कल्याणच्या पुढे जाईनात, म्हणून डोंबिवलीतच अडकलोय. म्हटलं, बरेच दिवस लिहायचं लिहायचं म्हणतोय ते आज लिहून टाकू.

तानसा म्हणजे तेच, दर पावसाळ्यात पेपरात 'तानसा भरून वाहू लागला' अशी बातमी येते ते. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांपैकी एक. धरण १८९२ चं. कसारा लोकलने आटगावला उतरायचं, तिथून जीप, दोन्ही बाजूंना सागाचं जंगल, आणि मग एकदम समोर दगडी भिंत आणि पाणी. लहानपणी दर मे महिन्यात आम्ही तिथे असायचो. पण आजचं लिहिणं धरणावर नाही, थकव्यावर आहे. माझ्या आणि आत्याच्या.

थकवा म्हटल्यावर तुम्ही हसाल, माहितेय मला. आयटीत कोण थकलेलं नाही? रात्री दोनला डिप्लॉयमेंट, सकाळी नऊला क्लायंट कॉल. पण तो थकवा शनिवारी बारापर्यंत लोळलं की जातो. मी ज्याबद्दल बोलतोय तो झोपून जात नाही. खरं तर त्याला थकवा म्हणणंच चुकीचं आहे, पण दुसरा शब्द नाही.

झालं असं. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये मला डेंग्यू झाला. नेहमीचं सगळं पार पडलं. प्लेटलेट्स उतरल्या, आईने पपईच्या पानांचा रस पाजला, शेजारच्या काकू किवी घेऊन आल्या. दहा दिवसांत ताप गेला, प्लेटलेट्स वर आल्या, ऑफिस सुरू. महिनाभर अशक्तपणा राहील असं डॉक्टर म्हणाले होते. महिना गेला, दोन गेले. एक जिना चढलो की पाच मिनिटं बसावं लागायचं. आठ तास झोपून उठल्यावर वाटायचं, रात्रभर कोणीतरी हमाली करून घेतलीय. आणि सगळ्यात वाईट म्हणजे डोकं. स्वतःच लिहिलेला कोड वाचतोय आणि तिसऱ्या ओळीपर्यंत पहिली विसरतोय. एकदा एका साध्या लूपकडे मी दहा मिनिटं नुसता बघत बसलो होतो. टीम लीडला वाटलं, पठ्ठ्या काहीतरी खोल विचार करतोय.

मित्र म्हणाले, तू घरात बसून ढिला झालायस, चल माहुलीला. डिसेंबरमध्ये गेलो. आसनगावला उतरून माहुली, आधी तीन वेळा केलेला. हळूहळू का होईना, चढलो, उतरलो. संध्याकाळी स्टेशनवर वडापाव खाताना मी फुशारकी मारली, "बघा, काही झालं नाही मला." रविवारही बरा गेला. सोमवारी सकाळी उठताच येईना. घसा दुखतोय, अंग ठणकतंय, उजेड नको, आवाज नको. अंघोळ करून आलो की परत आडवा. हे पुढे तीन आठवडे चाललं.

हे जे दीड-दोन दिवसांनी झालं ना, तीच या आजाराची खूण आहे हे मला पाच महिन्यांनी कळलं. श्रम केले की लगेच नाही, तर बारा तासांनी, चोवीस तासांनी, कधी दोन-तीन दिवसांनी माणूस कोसळतो. त्यामुळे कशामुळे कोसळलो याचा पत्ताच लागत नाही. एरर येते सोमवारी आणि बग असतो शनिवारच्या कमिटमध्ये.

मधल्या काळात टेस्ट. सीबीसी, शुगर, थायरॉइड, बी-१२, व्हिटॅमिन डी, लिव्हर, किडनी, छातीचा एक्स-रे, संधिवातासाठी एएनए. डी थोडं कमी, बाकी सगळं स्वच्छ. तीन डॉक्टर झाले. तिघांचं वाक्य एकच, "रिपोर्ट नॉर्मल आहेत." त्यातल्या एकाने जोडून दिलं, "टेन्शन घेऊ नका. लग्न करा, सगळं ठीक होईल." आई खूश.

तुम्हाला वाटेल रिपोर्ट नॉर्मल आला की आनंद होतो. पहिल्यांदा होतो. चौथ्यांदा नॉर्मल आला तेव्हा मी लॅबच्या पायऱ्यांवर बसून राहिलो. कारण रिपोर्टमध्ये काही नाही म्हणजे मग खोट माझ्यातच. मी आळशी झालोय, मला काम नकोय, माझंच डोकं फिरलंय. ऑफिसमध्येही हळूहळू तीच नजर दिसायला लागली. प्रोडक्शनला सर्व्हर बंद पडलाय, लॉगमध्ये एरर नाही, म्हणून कोणी म्हणतं का की सर्व्हर नाटक करतोय? आपण म्हणतो, लॉगिंग पुरेसं नाहीये. माणसाच्या बाबतीत मात्र आपण पहिला निष्कर्ष काढतो.

चौथ्या डॉक्टरांनी मात्र एक विचित्र टेस्ट केली. मशीन नाही, काही नाही. मला आडवं झोपवलं, नाडी मोजली, ७४. मग भिंतीला पाठ टेकवून उभं केलं आणि दर मिनिटाला नाडी मोजत राहिल्या. दहा मिनिटं, हलायचं नाही. आठव्या मिनिटाला नाडी ११२, पाय जांभळट, डोळ्यांपुढे काजवे. मोठ्या माणसाची नाडी नुसतं उभं राहून ३० पेक्षा जास्त वाढली आणि बीपी फारसं उतरलं नाही, तर शरीराची उभं राहण्याची व्यवस्था बिघडलीय. म्हणजे पंप, दाब, झडपा यांच्यावर नियंत्रण ठेवणारी मज्जासंस्था. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा एक आकडा माझ्या बाजूने बोलला. मला तिथेच रडू आलं, कशाला खोटं बोलू.

मग त्यांनी नाव सांगितलं. क्रॉनिक फटीग सिंड्रोम, सीएफएस. जुनं नाव मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस, म्हणून आता एमई-सीएफएस असं जोडनाव. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१५ मध्ये निकष सोपे करून दिलेत. सहा महिन्यांहून अधिक काळ पूर्वीसारखं काम न करता येणं, श्रमानंतर कोसळणं, झोपूनही ताजंतवानं न वाटणं, आणि याच्या जोडीला डोक्यावर धुकं किंवा उभं राहिल्यावर त्रास. मला पाचच्या पाच. याची रक्ताची टेस्ट नाही. बाकीचे आजार नाहीत याची खात्री करायची आणि मग हे नाव द्यायचं.

नाव मिळाल्यावर माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. रूट कॉज काय? रोज अर्धा तास वाचायची परवानगी मी स्वतःला दिली, कारण त्यापुढे डोकं चालायचंच नाही. आणि वाचताना सगळे रस्ते एका शब्दाशी येऊन थांबायला लागले... ऑटोइम्युनिटी.

ही भानगड काय ते पुण्याच्या उदाहरणाने सांगतो. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रोड, किरकटवाडी, धायरी या भागात गियाँ-बारे सिंड्रोम, म्हणजे जीबीएसची साथ आली होती, आठवतंय? दोनशेहून जास्त संशयित रुग्ण होते. आधी पोट बिघडायचं आणि मग काही दिवसांनी पायातली ताकद जायची, काहींना व्हेंटिलेटर लागला. तपासणीत बऱ्याच नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू सापडला आणि दूषित पाण्यावर संशय गेला. पण पाय त्या जंतूने लुळे केले नव्हते. या जंतूच्या आवरणावर असे रेणू असतात जे आपल्या नसांवरच्या रेणूंसारखे दिसतात. शरीर जंतूविरुद्ध अँटिबॉडीज बनवतं आणि त्या अँटिबॉडीज जंतू संपल्यावर आपल्याच नसांना चिकटतात. पूर्वी अँटिव्हायरस कसं एखाद्या विंडोजच्याच फाइलला व्हायरस समजून उडवून टाकायचं आणि मग मशीनच सुरू व्हायचं नाही, तसं.

जीबीएसमध्ये हे सगळं बरंच सिद्ध झालंय. जंतू माहीत, नक्कल माहीत, अँटिबॉडी माहीत. म्हणून उपचारही आहेत, प्लाझ्मा बदलणं आणि इम्युनोग्लोब्युलिन. मग माझ्या बाबतीत डेंग्यू हा जंतू आणि बाकीचं तसंच, असं का नसेल?

संशयाला जागा आहे हे खरं. एमई-सीएफएस अनेकदा एखाद्या इन्फेक्शननंतरच सुरू होतो. ऑस्ट्रेलियात डब्बो नावाच्या गावाजवळ २५३ माणसांचा तीन वेगवेगळ्या इन्फेक्शननंतर पाठपुरावा केला होता, २००६ मध्ये निकाल आला. सहा महिन्यांनी सुमारे १२ टक्के लोक अजून आजारी होते, वर्षाने ९ टक्के. कोण आजारी राहणार ते कशावर ठरलं? मूळ ताप किती जोराचा होता त्यावर. आधीच्या मानसिक त्रासावर नाही. दुसरी गोष्ट, हा आजार बायकांना पुरुषांपेक्षा बराच जास्त होतो आणि बऱ्याच ऑटोइम्यून आजारांचं तसंच असतं. तिसरी, बर्लिनच्या शारिते हॉस्पिटलमध्ये कार्मेन शायबेनबोगेन यांच्या टीमला २०१६ मध्ये काही रुग्णांच्या रक्तात अशा अँटिबॉडीज जास्त सापडल्या, ज्या नाडी आणि रक्तदाब सांभाळणाऱ्या रिसेप्टर्सना चिकटतात. माझी भिंतीपाशी धावणारी नाडी आठवून मी हा भाग तीनदा वाचला. पण त्या वाढलेल्या अँटिबॉडीज जेमतेम ३० टक्के रुग्णांत होत्या, आणि अशा अँटिबॉडीज निरोगी माणसांतही असतात. इतर ठिकाणी तपासलं तर निकाल सारखे येत नाहीत. म्हणजे आरोपी घटनास्थळी दिसला, पण तो तिथला रहिवासीही असू शकतो.

आता सगळ्यात थरारक भाग. नॉर्वेत बर्गेनच्या हाउकेलँड हॉस्पिटलमध्ये ऑयस्टीन फ्लुगे आणि उलाव मेला हे दोन कॅन्सरचे डॉक्टर आहेत. त्यांच्या एका लिम्फोमाच्या पेशंटला सीएफएसही होता आणि कीमोनंतर तिचा थकवा कमी झाला. यांना शंका आली की औषधाने अँटिबॉडी बनवणाऱ्या बी-पेशींना दणका बसला आणि त्याचा हा परिणाम असेल. त्यांनी रिटुक्सिमॅब हे बी-पेशी मारणारं औषध घेऊन ३० रुग्णांवर ट्रायल केली. २०११ मध्ये निकाल आला. औषधवाल्या १५ पैकी १० जणांना फरक, प्लासिबोवाल्या १५ पैकी फक्त २. जगभरचे पेशंट नाचायचेच बाकी होते.

मग मोठी ट्रायल केली, १५१ रुग्ण. २०१९ मध्ये निकाल छापून आला. औषध घेतलेल्यांपैकी २६ टक्के सुधारले. आणि प्लासिबो घेतलेल्यांपैकी ३५ टक्के.

हे वाचलं त्या रात्री मी जेवलो नाही. पण दुसऱ्या दिवशी त्या दोघांबद्दल आदर वाढला. स्वतःचीच थिअरी स्वतःच मोठ्या टेस्टला लावायची आणि फेल झाली तर तसं छापायचं, याला हिंमत लागते. आपण आपल्या मॉड्यूलचं टेस्टिंग किती प्रेमाने करतो ते सगळ्यांना माहीतच आहे.

पण ते तिथे थांबले नाहीत. रिटुक्सिमॅब बी-पेशी मारतं, पण त्यांच्यापासून तयार झालेल्या प्लाझ्मा पेशींना हात लावत नाही, आणि अँटिबॉडीजचा खरा कारखाना त्याच असतात, काही तर वर्षानुवर्षं जगतात. म्हणजे डेव्हलपर्सना काढून टाकलं पण सर्व्हरवर जुना कोड चालूच. म्हणून त्यांनी डाराटुमुमॅब हे मायलोमाचं औषध घेतलं, ते प्लाझ्मा पेशींवर जातं. २०२५ मध्ये निकाल आला, १० बायका, त्यातल्या ६ जणींमध्ये मोठी सुधारणा. पण प्लासिबो गट नव्हता. २०११ च्या १५ पैकी १० चं पुढे काय झालं ते आत्ताच सांगितलंय, तेव्हा नाचू नका. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ब्रिटनच्या डीकोड-एमई अभ्यासात १५,५७९ रुग्णांच्या जनुकांत आठ वेगळ्या जागा सापडल्या, काही प्रतिकारशक्तीशी आणि काही मज्जासंस्थेशी संबंधित. म्हणजे हा आजार शरीरात आहे, डोक्यातला खेळ नाही, याला आणखी एक आधार. पण काही रुग्णांत कारण ऑटोइम्यून असेल, सगळ्यांत नसेल, आणि मी कुठल्या गटात ते सांगणारी टेस्ट नाही. इतकंच मी प्रामाणिकपणे म्हणू शकतो.

मग रिकव्हरी? जुने बरेच अभ्यास एकत्र करून २००५ मध्ये ब्रिटनमध्ये काढलेला आकडा आहे, मोठ्या माणसांत पूर्ण बरे होणारे मध्यमानाने ५ टक्के आणि सुधारणारे सुमारे ४० टक्के. पहिला आकडा मी आईला सांगितलेला नाही. मी दुसऱ्यात बसायचं ठरवलंय. पूर्वी 'रोज थोडा थोडा व्यायाम वाढवा' असा सल्ला द्यायचे. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२१ च्या नव्या नियमावलीत तो काढून टाकला. आता म्हणतात, आपल्या मर्यादेच्या आत राहा. जुन्या मोबाइलची बॅटरी कशी ४० टक्के दाखवते आणि एकदम बंद पडते? तसं शरीर आहे असं समजून ३० टक्के उरलेले असतानाच थांबायचं. ऐकायला सोपं आहे. बरं वाटत असताना थांबणं ही जगातली सगळ्यात अवघड गोष्ट आहे.

तर थांबायला शिकण्यासाठी मी २०२४ च्या जूनमध्ये महिनाभर तानसाला जाऊन राहिलो. आणि खरी गोष्ट इथे सुरू होते.

आत्याला २००६ मध्ये चिकनगुनिया झाला होता. त्या वर्षी महाराष्ट्रात ती साथ सगळीकडे होती. घरात असं बोललं जायचं की त्या तापानंतर हिच्या अंगातला जीव गेला. मी तेव्हा शाळेत होतो. मला आठवते ती दुपारी दोनला झोपलेली आत्या, आणि तिच्यावर केलेले विनोद. 'कुंभकर्णाची बहीण' हा विनोद माझा होता. आठ-नऊ वर्षांचा असेन, सगळे हसले म्हणून पुढे प्रत्येक सुट्टीत केला. ती पण हसायची.

आता मी तिच्या ओटीवर दिवसभर आडवा पडून होतो आणि ती पाण्याच्या खेपा घालत होती. पाड्यावर नळ आहे, पण उन्हाळ्यात त्याला पाणी नसतं. शेजारून मुंबईचं पाणी जातं आणि शहापूरच्या गावांना टँकरची वाट बघावी लागते, हे काही नवीन नाही. पाऊस अजून लागला नव्हता. ती हंडा घेऊन यायची, पायरीवर टेकायची, पाच मिनिटं श्वास घ्यायची, परत उठायची. मी तिला विचारलं, "आत्या, तू अशी बसतेस ते कधीपासून?"

"लय वर्सं झाली. वयच झालं ना आता."

वय बावन्न.

मी विचारत गेलो. झोप? "कितीबी झोपलं तरी उतरत नाय." डोकं? "इसरते रे सगळं." माझी खात्रीच पटली. हिलाही तेच आहे. पोस्ट-व्हायरल, ऑटोइम्यून, अठरा वर्षं निदान नसलेली केस! खरं सांगतो, वाईट वाटण्याआधी मला उत्साह वाटला. आपल्या थिअरीला जुळणारा डेटा पॉइंट सापडल्यासारखा. माझा आतेभाऊ वनखात्याच्या लोकांबरोबर जंगलात फिरतो. त्याने मला त्याच दिवसांत रानपिंगळ्याबद्दल सांगितलं होतं. हे घुबड नामशेष झालं असं ११३ वर्षं समजत होते, ते १९९७ मध्ये नंदुरबारकडे सापडलं आणि २०१४ मध्ये इथे तानसाच्या जंगलात. कोणी नीट शोधलंच नव्हतं. मला वाटलं, मला पण एक रानपिंगळा सापडला.

पण डॉक्टरांचा नियम डोक्यात होता, आधी बाकीचं तपासायचं. फोन केला तर त्या म्हणाल्या, "मला सांगा, तिला थंडी वाजते का?" मी मान वर करून बघितलं. जून महिना, घाम निथळतोय, आणि आत्या स्वेटर घालून चुलीपाशी बसलेली. गेली कित्येक वर्षं ती स्वेटर घालते. आवाज घोगरा झालाय. चेहरा सुजल्यासारखा. केस गळून वेणी बोटाएवढी. आम्ही सगळ्यांनी हे रोज पाहिलं होतं. मी तर चार आठवडे समोर पडून पाहत होतो आणि नॉर्वेच्या ट्रायल्स आठवत होतो.

शहापूरला नेऊन रक्त दिलं. टीएसएच ७२. साधारण ४-५ पर्यंत असायला हवं. अँटी-टीपीओ अँटिबॉडीज भरपूर. हाशिमोटो थायरॉइडायटिस.

म्हणजे ऑटोइम्यून आजार होता. पण माझ्याकडे नाही, तिच्याकडे. आणि शोधत होतो तो नाही, तर सगळ्यात नेहमीचा, ज्याची टेस्ट तालुक्याला होते आणि ज्याची गोळी महिन्याला शंभर रुपयांच्या आत येते. माझी ही टेस्ट पहिल्याच आठवड्यात झाली होती, कारण मी इंजिनिअर, पुरुष, मेडिकल इन्शुरन्सवाला. तिला इतक्या वर्षांत लोहाच्या गोळ्या मिळाल्या, टॉनिक मिळालं, दर पावसाळ्यात एक-दोन सलाईन मिळाली. टेस्ट कोणी लिहून दिली नाही आणि आमच्यापैकी कोणी मागितली नाही. तिचा थायरॉइड नक्की कधी बिघडला ते आता कोण सांगणार?

गोव्यात एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हद्दीत बायकांचा असा अभ्यास झालाय, डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांचा, २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे अडीच हजार बायकांपैकी १२.१ टक्के बायकांना सहा महिन्यांहून जास्त काळचा थकवा होता. हिमोग्लोबिनशी त्याचा संबंध लागला नाही. लागला तो कर्जाशी, घरातल्या उपासमारीशी, कमी शिक्षणाशी, नवऱ्याच्या घरी होणाऱ्या त्रासाशी आणि मनाच्या दुखण्याशी. हे वाचल्यावर मला आत्याच्या लोहाच्या गोळ्यांचे रिकामे डबे आठवले. आठातल्या एका बाईला थकवा आणि आपल्याकडे उत्तर एकच, रक्त कमी असेल.

डॉक्टरांनी आत्याला गोळी सुरू केली, सकाळी उपाशीपोटी, त्यानंतर अर्धा-पाऊण तास चहा नाही. हे ऐकून ती म्हणाली, "चहाबिगर सकाळ हुते व्हय?" पण घेतली. डोस वाढवत नेला. तीन-चार महिन्यांनी मी गेलो तर स्वेटर दोरीवर वाळत होता आणि दुपारी दोनला आत्या अंगणात भांडी घासत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला वाटायचं, मीच आळशी हाय."

मला काही बोलता आलं नाही. लॅबच्या पायऱ्यांवर मी पाच महिन्यांत ज्या निष्कर्षाला पोचलो होतो, त्याच्याबरोबर ही बाई अठरा वर्षं राहिली होती. आणि त्याला माझाही हातभार होता. कुंभकर्णाच्या विनोदाबद्दल मी माफी मागितली तर तिला तो आठवतच नव्हता. की आठवत नाही असं म्हणाली, देव जाणे.

परवा वाचताना आणखी एक गोष्ट दिसली. जपानच्या हाकारू हाशिमोटोंनी १९१२ मध्ये चार बायकांच्या थायरॉइडचं वर्णन लिहिलं. ते ऑटोइम्यून आहे हे १९५६ मध्ये कळलं, ४४ वर्षांनी. आणि १९५५ मध्ये लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये सुमारे ३०० कर्मचारी एका गूढ आजाराने पडले, त्याला मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस हे नाव सुचवलं गेलं ते १९५६ मध्येच. म्हणजे एकाच वर्षी आत्याच्या आजाराला कारण मिळालं आणि माझ्या आजाराला फक्त नाव. पुढे १९७० मध्ये दोन मानसोपचारतज्ज्ञांनी तो लंडनचा प्रकार म्हणजे सामूहिक हिस्टेरिया असंही लिहिलं. आजारी पडलेल्यांत बऱ्याच नर्सेस होत्या, बायका. मला आता याचं आश्चर्य वाटत नाही. पण एक दिलासा आहे. थायरॉइडच्या कमतरतेवर मेंढीच्या थायरॉइडचा अर्क द्यायला १८९१ मध्येच सुरुवात झाली होती. कारण कळायच्या कितीतरी आधी माणसं बरी होत होती. कारण सापडेपर्यंत विश्वास ठेवायला थांबायची गरज नाही, एवढंच.

माझं म्हणाल तर सत्तर टक्क्यांवर आहे. आठवड्यातून चार दिवस घरून काम, बसून करायचं ते बसून, आडवं पडून करता येईल ते आडवं पडून. मीठ-पाणी जास्त, नाडीवर लक्ष. गेल्या आठ महिन्यांत मोठा क्रॅश एकच. माहुली आता लोकलच्या खिडकीतून बघतो. डाराटुमुमॅबच्या पुढच्या ट्रायलची वाट बघतोय, पण श्वास रोखून नाही.

तुमच्या घरात किंवा टीममध्ये कोणी 'हल्ली सारखं थकलेलं' असेल तर दोन गोष्टी करा. आधी साध्या टेस्ट करायला लावा, थायरॉइड, हिमोग्लोबिन, शुगर, बी-१२, आणि खोकला-ताप असेल तर टीबी. घरातल्या बाईच्या आधी करा, कारण ती स्वतः सांगणार नाही. आणि सगळं नॉर्मल आलं तर 'बघ, तुला काही नाहीये' असं म्हणू नका. 'अजून सापडलं नाहीये' असं म्हणा.

तानसाला गेलो की आता मी ओटीवर पडून असतो आणि आत्या म्हणते, "बस तू, पानी मी आनते." मला लाज वाटते. ती म्हणते, "लाजतोस कशाला, मी नाय का झोपले इतकी वर्सं?" आणि हंडा घेऊन जाते. हल्ली पायरीवर टेकत नाही.

असो. खूप लिहिलं, आता अर्धा तास आडवा पडतो. पाऊस थांबला आणि लोकल सुरू झाल्या तर पुढचा शनिवार आटगाव.